नसलेला कॅमेरा

पारोळ्यात बाजाराच्या मागे माझा स्टुडिओ.
लग्नसराई ओसरली की तिथे कूलर तेवढा बोलतो.
भदाणे बाई आल्या, पिशवीत लॅपटॉप.
सुट्टीत माहेरी आलेय, म्हणाल्या,
धुळ्याच्या मूकबधिर शाळेत माझी नववी आहे,
आणि ह्या कॅमेऱ्यात माझे हात मावत नाहीत.

मावत नव्हतेच.
हात छातीखाली आले की वाक्य मधेच तुटायचं.
मागचा पसारा धूसर कर म्हटलं,
तर ॲपनं पसाऱ्यासोबत दोन बोटंही पुसली.
बाई हसल्या. बघा, आता मी तोतरी झाले.

मग काढलं ते सॉफ्टवेअर,
ज्याच्यावरून मी इथल्या हळदी
सुरतेच्या नातेवाइकांना पोचवतो.
लग्नाचा मोठा कॅमेरा: कंबरेपासून कपाळाच्या वर हातभर.
पंख्याच्या हुकाला उलटा मोबाइल: वही.
कोपऱ्यात नुसता चेहरा, जवळून,
कारण भुवया वर गेल्याशिवाय प्रश्न प्रश्न होत नाही,
हे मला त्या दिवशी कळलं.
स्टेजचा गुलाबी पडदा उतरवून
आईची निळी चादर लावली.
तिन्ही एकात ओतले, एक बटण दाबलं,
कॅमेऱ्यांच्या यादीत एक नाव वाढलं.
ह्या कॅमेऱ्याला काच नाही, झाकण नाही,
कुठल्या बॅगेत तो सापडणार नाही.
मीटिंगला मात्र तोच खरा वाटतो.

कापडणे, साक्री, शिंदखेडा,
शिरपूरच्या वरचा एक पाडा.
अठरा चौकोन, आवाज शून्य,
आणि एवढा गलका मी वरातीतही पाहिला नव्हता.
माझा पोऱ्या हेडफोन झटकत म्हणाला,
"दादा, आवाज कसा काय येत नही?"
मी म्हटलं, "हाऊ आवाजच शे."

फक्त सुमला पावराचा माइक चालू राहायचा.
तिला कसं कळणार?
अंगणात शेळी ओरडली
की ॲप शेळीवालं अंगण मोठं करून दाखवायचं.
त्याच्या लेखी वर्गात बोलणारी ती एकटी.

तिसऱ्या दिवशी माझं कोपर कीबोर्डवर पडलं
आणि भूमितीच्या जागी गुलाबाच्या पाकळ्या,
शुभविवाह, चि. सौ. कां. तेजस्विनी,
सोनेरी, गोल गोल फिरत.
अठरा जणांचे खांदे हलायला लागले.
कापडण्याच्या लोकेशनं बाईंना काहीतरी विचारलं.
बाईंचे हात जरा वेळ मांडीवरच राहिले,
मग त्यांनी उत्तर दिलं, छोटंसं.
काय ते मी विचारलं नाही.
पाकळ्या थांबवायचं बटणच सापडत नव्हतं.

मी चौकटीत आलो की पोरं
मूठ कोपराभोवती फिरवायची.
मला वाटलं चिडवतात.
बाई म्हणाल्या, नाही हो, ते तुमचं नाव.
वायर गुंडाळणारा.
धनराज कोण, त्यांना माहीत नाही.

जूनमध्ये बाई धुळ्याला गेल्या.
हळद आणि रिसेप्शनच्या मधे
'बाई' नावाचा सीन अजून तसाच आहे,
उघडला की रिकामी निळी चादर.

परवा एरंडोलचं लग्न आटोपलं, रात्रीचा एक.
मंडपवाले बांबू सोडत होते.
मी वायर गुंडाळायला घेतली,
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
आणि मधेच लक्षात आलं,
मी मघापासून स्वतःचं नाव सांगतोय,
समोर कोणी नसताना.
वायर शंभर फुटांची होती.