असे ठरले

अकरा मिनिटं लागली.
मी घड्याळ नव्हतो पाहत, चहा पाहत होतो.
त्यावर साय धरायच्या आत
विषय क्रमांक चार संपला होता.
बाहेर हिंगणा रोडवर पारा सेहेचाळीस,
आत आम्ही, कूलर बनवणारे सात जण,
एसीच्या गारव्यात.

चरडे मॅडमनी पडद्यावर दोन ताट्या लावल्या:
वाळ्याची, एक हंगाम.
कागदी जाळीची, तीन.
मुंदडासाहेब काही बोलले नाहीत.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
एकवीस वर्षं नोकरी केली की कळतं,
तो चष्मा म्हणजेच हुकूम.
निखाडे म्हणाला, "प्रॅक्टिकल आहे."
मग माझ्याकडे वळून कोणीतरी,
"ठवकर, खरेदीला काही अडचण?"

अडचण होती. तिला चौसष्ट हात होते,
वाडीच्या टिनाच्या शेडमध्ये वाळा पिंजत बसलेले.
मी म्हणालो, "नाही सर. मॅनेज करू."

इतिवृत्तात ओळ आली:
वाळ्याच्या ताट्या १ जूनपासून बंद करण्याचे ठरले.

आमचे भोयर सर फळ्यावर छडी आपटायचे,
"कर्ता कुठाय रे?"
ठरवले म्हटलं की कोणीतरी लागतं,
त्याच्या नावाला ने चिकटवावा लागतो.
ठरले म्हटलं की झालं.
दूध नासलं,
ऊन पडलं,
तसं.

खोलीत निर्णय सात जणांचा होता.
लिफ्टमध्ये चौघांचा उरला.
पार्किंगमध्ये मी आणि तो.
वाडीपर्यंत शेजारच्या सीटवर बसून आला,
बेल्ट न लावता.

पंचफुलाबाई नंदेश्वर केसांतला वाळा झटकत उठल्या,
माठातलं पाणी दिलं.
मी सांगितलं. म्हणजे,
वरून ठरलं आहे, असं सांगितलं.
"वरून म्हंजे? पाऊस आहे का जी तो?"
बायका हसल्या.
मग एकेक करून थांबल्या.
"कोनं ठरवलं?"
सात नावं जिभेवर आली.
एकही ओठांपर्यंत पोचलं नाही.

ती भांडली नाही. भांडली असती तर सोपं होतं,
भांडणाची तयारी मी गाडीत करून आलो होतो.
तिने वही आणली.
"तीनशे चाळीस ताट्या तयार हायेत.
त्या त नेता ना?"

हा आकडा पडद्यावर नव्हता.
ठरावात या ताट्यांची सोय नव्हती,
ना हो, ना नाही.
"नेतो," मी म्हणालो,
कोणालाही न विचारता.
रकाना होता: माल कोनं नेला.
पेन दोनदा उमटला नाही.
तिसऱ्यांदा मी दाबून लिहिलं.

घरी आलो तेव्हा फोन वाजत होता.
चरडे मॅडम.
ट्रक फाटकावर पोचला असणार.
मी कूलरचा पंप लावला,
पाणी जुन्या ताटीतून खालपर्यंत झिरपू दिलं,
वास सुटला,
मग उचलला.