निळा डबा

तिबिलिसीच्या गंधकाच्या हमामातून
दिवसाला एकशे चाळीस टॉवेल निघतात,
आणि प्रत्येकाला
उकडलेल्या अंड्याचा वास असतो.
पहिल्या दिवशी मी नाक दाबलं.
झुझुना म्हणाली, दाब, दाब,
मग पिळशील कुठल्या हाताने?

तिने शिकवलं ते थोडं सांगून,
बरंचसं ओरडून.
मशीनचं पोट अर्धंच भर.
गच्च कोंबलेस तर टॉवेल धुतले जात नाहीत,
नुसता एकमेकांचा मळ वाटून घेतात.
साबण तुला वाटेल त्याच्या निम्मा.
आणि शेवटच्या पाण्यात पेलाभर शिरका,
तिच्या भावाच्या मळ्यातला,
बिघडलेल्या वाइनचा.
वाइन बिघडली म्हणून रडायचं नसतं, मक्वाला,
ती धुण्याच्या कामी येते.

कोरा टॉवेल तिला आवडत नसे.
कोरा टॉवेल म्हणजे नवा पाहुणा,
छान दिसतो, आणि पाणी घेत नाही.
पाच-सहा धुण्यांनी कुठे घरचा होतो.

मार्चमध्ये मालकाचा भाचा ओतिया
बाटुमीहून निळा डबा घेऊन आला.
एक झाकण ओता, म्हणाला, आणि बघा.
बघितलं.
टॉवेल सशाच्या कानासारखे झाले,
लव्हेंडरचा वास, अंड्याचा पत्ताच नाही.
जो तो गालाला लावून बघे.
मीही एक लावला, झुझुनाची पाठ असताना.

गुरुवारी म्हातारा बाद्री कल्हईवाला
तीन नंबरच्या खोलीतून बाहेर आला, निथळत,
पुसतोय, पुसतोय,
खांद्यावरचं पाणी पाठीवर,
पाठीवरचं कमरेवर.
पन्नास वर्षं इथे येतोय, ओरडला,
पण पाण्याला असं अंगभर फिरायला
कुणी नेलं नव्हतं!

झुझुनाने टॉवेलवर थेंब टाकला.
थेंब बसून राहिला, मण्यासारखा.
मेण चढलंय, म्हणाली, आणि बाह्या सारल्या.
दोन रात्री आम्ही धुण्याचा सोडा घालून
एकशे चाळीस टॉवेल उकळत होतो.
वर राखाडी साय येत होती.
डबा कुठे गेला ते ओतियाने विचारलं नाही.

ऑक्टोबरात ती बारीला जायला निघाली,
इटलीत, कुणाच्यातरी आईला सांभाळायला.
छताचे पैसे द्यायचे होते,
आणि मुलाचे, ज्याबद्दल ती बोलत नसे.
आदल्या संध्याकाळी चौकात बायका जमल्या.
दोन वर्षं काय, गं, पापणी लवते ना लवते तोच जातील.
तिकडे समुद्र आहे.
मीसुद्धा असंच काहीतरी मऊ बोलले.
ती मान हलवत होती,
आणि प्रत्येक शब्द तिच्यावरून ओघळून
फरशीवर पडत होता.

मग जिना उतरून तिची जाऊ आली, लामारा.
सात वर्षांची अबोल.
काही बोलली नाही.
टोपलीतल्या ओल्या टॉवेलचं एक टोक उचललं
आणि थांबली.
झुझुनाने दुसरं टोक धरलं.
फट्.
झटका असा हवा की आडवा पडलेला
एकेक धागा उठून बसला पाहिजे.
फट्.
अख्खी टोपली झाली तेव्हा अंधार पडला होता
आणि दोघींच्या तोंडावर
टॉवेलांचं पाणी उडालं होतं,
किंवा आम्ही तसं धरून चाललो.
कप्पीवरची दोरी किरकिरत
चौकाच्या पलीकडे गेली.

आता रविवारी तिचा फोन येतो.
आधी विचारते, इस्त्री तर नाही ना फिरवलीस?
तिकडच्या म्हातारीचे टॉवेल फळीसारखे होते म्हणे.
हिने शिरका आणला, तर म्हातारी म्हणते
घराला कोशिंबिरीचा वास येतोय.
हसते.
मग हसू संपतं, फोन चालूच राहतो.

मला काय बोलावं कळत नाही.
फोन खांद्यात दाबून
मी टोपलीतला एक उचलते
आणि तिला ऐकू जाईल असा झटकते.

डावा कोपरा, ती म्हणते.
डावा कोपरा राहिला.