खोडलेले बदाम

वहीत पहिल्या ओळीवर बदाम आहेत,
निळी शाई, पोलिश अक्षरं, अर्धा पौंड.
ते कुणीतरी खोडलेत.
वर काळ्या शाईत: पिन्यांव.
खोडणारीचं नाव कुणी सांगत नाही.
बोटीतून उतरल्यावर पारानाच्या या डोंगरात
तिनं बदाम शोधले असतील, एवढंच.

ब्रोनिस्लाव्हा असती तर मी बाहेर लाकडं फोडत असतो.
माझूरेक हे तिचं काम,
ईस्टरच्या आदल्या दिवशीचं, दार लोटून घेऊन.
मला पोलिश येतं ते प्रार्थनेपुरतं
आणि शिव्यांपुरतं.
वहीतलं 'लोणी' मी डागावरून ओळखलं.

एक एप्रिलच्या आधी पिन्यांव वेचायचे नाहीत, कायदा आहे.
दोन तारखेला पहाटे मी अराउकारियाखाली,
वाकून, गुडघ्यांची बोलणी खात.
निळा पक्षी माझ्याआधी हजर.
त्यानं त्याचे पुरले, मी माझे खिशात भरले.
तासभर कुकर फुसफुसला.
सोलताना नखांत तपकिरी साल रुतली,
अजून आहे.

दूध इव्हानीरच्या गाईचं.
साखर घालून आटवायचं; किती वेळ, ते वहीत नाही,
फक्त 'जपमाळ दोनदा'.
मी एकदाच म्हटली, मध्येच अडलो,
बुडाला लागलं.
पुन्हा पातेलं घेऊन इव्हानीरच्या दारात.
तिनं पैसे घेतले नाहीत. म्हणाली,
पहिल्या वर्षी सगळ्यांचंच लागतं.

उकडलेले बलक किसून पिठात.
लोणी थंड हवं, हातही थंड.
माझे कधीच नसतात,
जूनमध्ये ती ते उसने घ्यायची.
नळाखाली धरले, बराच वेळ.

वर काढायची विलोची फांदी,
कारण तिकडे आता वसंत.
इथं मका कापून झालाय, धुकं कुंपणापर्यंत आलंय.
मऊ कळ्यांचा तो विलो मी पाहिलेला नाही.
तिनंही नव्हता. तिच्या आईनं पाहिला
तो एका पोस्टकार्डावर.
चॉकलेटची रेघ ओढली, जराशी वाकडी,
दोन्ही अंगांना पिन्यांव चिकटवले.
लांबून पाहिलं तर घेवड्याची वेल.

मुलगी कुरितिबाहून येईल, विचारेल,
कुणाकडून आणलंत?

वहीत तिच्या अक्षराखाली थोडी जागा होती.
पेन्सिलीनं लिहिलं, पोर्तुगीजमध्ये:
दूध सोडून कुठं जाऊ नये.

मग ताट झाकलं
आणि लाकडं फोडायला बाहेर आलो.