दांडेकार

रोवणे आटोपले होते.
चिचबोडीच्या समाजमंदिरात, सतरंजीवर
आम्ही नऊ जण, सगळ्यांची हिंदी
वेगवेगळ्या जागी मोडलेली.
मधे एक तांब्या. तांब्याला टेकवलेला मोबाईल,
त्यात हरियां, थरपारकरची.
तिला व्हिसा मिळाला नाही,
म्हणून ती येते नि जाते
टॉवरच्या मर्जीनं.

फळ्यावर विषय मीच लिहिला :
सर्पदंश, सामायिक प्रश्न आणि सहकार्य.
खडू दमट. 'सहकार्य' मधेच फुटलं.

तहमिना म्हणाली, पुरात उंच जागा एकच उरते.
आम्ही चढतो, तोही चढतो.
पहिला तासभर कुणी कुणाला हाकलत नाही.

निर्जला बर्दियाची. तिनं दोन पोट्ट्यांना उठवलं,
बाकावर पुढं-मागं बसवलं,
मधे तिसरा कोंबला.
ही आमची अँब्युलन्स, म्हणाली.
पुढचा मोटारसायकल चालवतो, मागचा धरून ठेवतो,
मधल्यानं फक्त श्वास घेत राहायचं.
आम्ही हसलो.
ती नाही हसली.

चतुरिकाच्या वॉर्डात लोक साप मारून आणतात,
किराणाच्या पिशवीत, ओळख पटावी म्हणून.
एकदा पिशवी हलली.

मग नावं निघाली.
तिच्याकडे तेल करवला, तहमिनाकडे कालाच,
निर्जलाकडे करेत, पुस्तकात मण्यार,
आमच्या झाडीपट्टीत दांडेकार.
आणि तांब्याजवळून, तुटत तुटत,
पी... व... णा.
झोपलेल्याचा श्वास पिऊन जातो म्हणतात.
सकाळी अंगावर डाग नसतो,
नुसत्या पापण्या उचलत नाहीत.

कुणी बोललं नाही.
त्या पापण्या प्रत्येकानं पाहिल्या होत्या
आपापल्या गावी.

जेवताना पारबता काकूनं विचारलं, सांबार टाकू का जी?
चतुरिकानं वाटी पुढं केली.
वाटीत चिमूटभर कोथिंबीर पडली.
आमच्याकडे हाच सांबार, मी म्हटलं,
आणि नावांची यादी आणखी एकानं वाढली.

काकू वाढता वाढता ऐकत होती.
"साप एकच हाय ना जी, मंग दवाई काऊन एक नाही?"
मी सांगितलं, दवाई इकडच्या सापांच्या विषाची बनते
आणि तिकडे जाते.
तिकडच्या विषाला कधी लागू पडते, कधी नाही.
"मंग तिकडचाबी घ्या ना थोडासा,"
ती म्हणाली, आणि भाताचं गंज उचलून
पुढच्या पंगतीला गेली.

इतिवृत्तात मी लिहिलं :
'प्रादेशिक विषसंकलनाची शक्यता तपासावी.'
सूचक म्हणून काकूचं नाव घालायचं राहिलं.
आता घालते : पारबता नन्नावरे, स्वयंपाक.

रात्री टॉवर मोकळा झाला.
पोट्टे शाळेत झोपायला गेले, आम्ही पोरी इथंच, खाली.
हरियां म्हणाली, दाखवा, कशा झोपता.
मी मोबाईल फिरवला :
फरशी, गाद्या, पाच मच्छरदाण्या,
खिडकीबाहेर बोडीतल्या बेडकांचा गलका.
तो तिला ऐकू गेला. आमच्याकडे इतकं पाणी नाही,
ती म्हणाली, पण साप आहे.
मग एकदम, डावा कोपरा! डावा सुटलाय.

आम्ही सगळ्याजणी
आपापला डावा कोपरा चाचपू लागलो.
पडद्यावर डावं-उजवं कधी उलटं दिसतं,
कधी सरळ.
"तुझा डावा की आमचा?" निर्जलानं विचारलं.

उत्तर येईपर्यंत चित्र थिजलं,
तिचं बोट वर, तोंड अर्धं उघडं.

आम्ही दोन्ही कोपरे
गादीखाली खोचले.