दोर

चोडणहून रायबंदरला जाणाऱ्या पावणेआठच्या फेरीबोटीवर
अकरा वर्षं मी एकाच जागी उभी राहते,
डाव्या कठड्याशी, इंजिनाच्या धगीपासून जरा लांब.
तिथून खलाशी दिसतो.
धक्का चार हात उरला की तो दोराचं वेटोळं उचलतो,
मनगटाला एक झोल,
आणि दोर खुंट्यावर जाऊन बसतो,
मांजर आपल्या ठरलेल्या पायरीवर बसावं तसा.

भरती असो, ओहोटी असो,
पोरं स्कूटर आधीच सुरू करून घुर्र घुर्र करत असोत,
दोर बसतो.
कुणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष
फळी कधी पडते तिकडे.

मी शाळेत शिकवते. दिवसाला चाळीस वह्यांवर
लाल शाईनं "छान" लिहिते.
पोरं आता ते वाचत नाहीत, पान उलटतात.

आणि आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची रीत नव्हती.
दृष्ट लागते, आई म्हणायची.
माझ्या पहिल्या पगारातल्या साडीची घडी
तिनं दोनदा उलगडली, दोनदा मिटली.
काय बोलली ती, ते मला फार उशिरा कळलं.

म्हणून असेल, किंवा नुसताच मंगळवार होता म्हणून,
मी त्याला म्हटलं,
"अकरा वर्षं बघतेय.
तुमचा दोर एकदाही चुकला नाही."

सुटे पैसे जास्त परत आल्यासारखं
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग मागे वळून पाहिलं, तिथं कुणी उभं आहे का.

धक्का आला. वेटोळं. मनगट.
दोर पाण्यात.

अकरा वर्षं ज्यांनी पाहिलं नव्हतं
त्या सगळ्यांनी पाहिलं.
वरून कप्तान ओरडला, "आरे शाणू, न्हिदलो काय?"
हॉर्न वाजले.
माशांची पाटी सावरत इश्पेरांस मला म्हणाली,
"बाये, तुजी दिश्ट लागली गो!"
शाणूनं चिखलात भिजलेला दोर ओढून घेतला,
पुन्हा फेकला. बसला.
मी चपलांकडे बघत उतरले.

त्या दिवशी एकाही वहीवर "छान" उमटेना.
शेवटी तन्वेशच्या निबंधाखाली लिहिलं,
"ऱ्हस्व-दीर्घ सुधार. पण 'बेडूक विचारात पडला'
हे वाक्य मी दोनदा वाचलं."
मधल्या सुट्टीत तो
वही उघडी धरून व्हरांड्यात फिरत होता.

पुढचे आठ दिवस मी उजव्या कठड्याशी.
नवव्या दिवशी तोच आला, हात चड्डीला पुसत.
"बाय, जागा कित्याक बदलली?"
"माझ्यामुळे तुमचा दोर..."
तो हसला.
"चुकतो तो, मधूनमधून. खूब फावटीं चुकला.
तेव्हा तुम्ही मान घालून वह्या तपासत होता."

मला काय बोलावं सुचेना. अकरा वर्षांचा हिशेब
चुकीचा निघाला होता, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.
"घरी सांगितलं मी," तो म्हणाला.
"बायको विचारते, कोण ती?
म्हटलं, नाव ठाऊक नाही. वह्यांची बाय."

मग पाण्याकडे बघत, जरा रागावल्यासारखाच,
"तुमचं अक्षर सोबीत आसा.
बोट हलते, तरी ओळ सरळ जाते."

मी मागे वळून पाहिलं.
मागे फक्त एक म्हातारा होता,
आणि पिशवीतून मान काढलेला त्याचा कोंबडा.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या कठड्याशी होते.
धक्का चार हात उरला.
मी वही उघडली, मान खाली घातली,
आणि मुद्दाम वर पाहिलं नाही.
ओळ जरा वाकडी गेली.
इंजिन, हॉर्न, कुणाचा तरी फोन,
आणि त्या सगळ्याच्या खालून
ओला दोर खुंट्यावर बसल्याचा आवाज.