दिवे बंद ठेवल्याचा जमाखर्च

सूरच्या पुढे, जिथे डांबर संपतं
आणि वाळू रस्त्यावर हक्क सांगू लागते,
तिथे खल्फानचं अतिथिगृह. नऊ खोल्या.
मी त्याचा हिशेबनीस. मूळ गाव बाणकोट.

पहिल्याच वर्षी दुबईहून एक एजंट आला,
महाग घड्याळाचा, घाईतला.
रोज रात्री चार बस, म्हणाला,
किनाऱ्यावर झगझगीत दिवे,
कासवाच्या पाठीवर पोरं बसवून फोटो.
आकडा त्यानं टिश्यू पेपरवर लिहिला.
पुरे झालं की पेला हलवायचा असतो
हे त्याला ठाऊक नव्हतं,
म्हणून खल्फान काहवा ओततच राहिला
आणि नाही म्हणतच राहिला.

टिश्यू मी उचलून वहीत ठेवला.
माझा दोन महिन्यांचा पगार थकला होता.
त्या वर्षी लाल शाईच्या दोन बाटल्या संपल्या
आणि मी मनातल्या मनात
खल्फानला मराठीत बरंच काही म्हणालो.

मग नियम आले. रात्रीला वीस माणसं, एकवीस नाहीत.
लाल काचेचा एकच कंदील, तो शहाबच्या हातात,
बाकीच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल.
तासाभरासाठी येणारी माणसं
हळूहळू दोन दोन रात्री राहू लागली,
कारण कासवीण वेळ ठरवून येत नाही.
आणि राहिलेल्या माणसाला भूक लागते.

ज़ुवैनाची पापडासारखी रोटी मग वहीत शिरली.
दर गुरुवारी तिचे पैसे तिच्याच हातात,
नवऱ्याच्या नाही, ही अट तिची.
मरहून मस्कतची टॅक्सी विकून परतला,
आता होडी दाखवतो, खोटी वादळं सांगतो,
त्याच्या मुलाला पहिल्यांदाच बाप घरी दिसतो
आणि ते त्याला फारसं आवडलेलं नाही.

एक नोंद अशीही:
परत केले अठरा रियाल. कारण: उजेड.
मोबाईल पेटवला म्हणून शहाबनं
एका मोठ्या साहेबाला वाळूतूनच मागे फिरवलं.
शहाब एकोणीस वर्षांचा आहे.

आमच्याकडे देवळाच्या दारात दगडी कासव असतं.
त्याला हात लावून पुढे जायचं, एवढीच ओळख.
इथे पहिल्यांदा ऐकला तिचा श्वास,
भरल्या गोणीखाली वाकलेल्या हमालासारखा.
डोळ्यांतून पाणी. पाहुणी बाई कुजबुजली, रडतेय.
शहाब म्हणाला, मीठ टाकतेय बाहेर.
दोघांचंही मला पटलं.

काल वही चाळताना टिश्यू सापडला.
दमट हवेनं शाई फुटलीय,
शून्यं एकमेकांत शिरलीत.
खल्फानला दाखवला, त्यानं त्यानं चष्मा पुसला.

आजचं लिहून ठेवतो:
पाहुणे सतरा. कासविणी चार.
रोट्या कमी पडल्या.