इतिवृत्तात न आलेलं

उदगीर. महिन्याचा चौथा शनिवार.
वाचनालयाच्या माडीवर आम्ही सात जण
आणि कादंबरीची एकच प्रत,
कव्हर गेलेलं, पाठीला खाकी पट्टी,
माणशी चार दिवस अशी वाटून फिरवलेली.
पान एकशे साठवर हळदीचा अंगठा,
तहसीन मॅडम म्हणतात, माझा नाही.
पंच्याऐंशीवर शेंगदाण्याचं फोलपट,
ते मन्मथप्पांनी कबूल केलंय.

खून थंड हवेच्या गावी झालेला.
बंगला, धुकं, पियानो,
दहा वाजून दहा मिनिटांनी पडून बंद झालेलं घड्याळ,
आणि एक गुप्तहेर, जो दर दोन पानांनी सिगारेट पेटवतो
पण कुणाला काडी मागत नाही.

देवणीकर सर फिजिक्सचे. त्यांनी घड्याळच धरलं:
पडल्यावर काटे हलणारच, दहा-दहा कशावरून?
वैजूनं कलम सांगितलं, जुन्या कायद्याचं,
मग नव्याचं, मग दोन्हींत अडकला;
परीक्षा तीन आठवड्यांवर आहे त्याची.
तहसीन मॅडमना पुतण्याचा शक पहिल्यापासून होता,
जो माणूस चहातली साखर ढवळत नाही
त्याचा काय भरवसा.
बिरादार जमादार रिटायर झाल्यापासून येतात
आणि बोलत नाहीत. आज एकदाच म्हणाले,
"पुस्तकात पंच बरे लगेच भेटतेत."

मग सुशीलाच्या प्लेटा आल्या, वर लिंबाची फोड.
वाटता वाटता मुद्रिकाबाई थांबल्या.
"फरशी कुणी पुसली हो?"

कोणती फरशी?

"त्या बंगल्यातली. मघापून रगात रगात म्हणलालेत की समदे."

सर हसले. मी पानं चाळली.
सत्तेचाळीसवर सापडलं:
मोलकरणीने दिवाणखाना स्वच्छ केला.
एवढंच. तिला नाव नाही.
पुढच्या दोनशे पानांत ती चहासुद्धा आणत नाही.

"मग तिला इचारलं न्हाई का त्यानं,
ओलं होतं का वाळलेलं?
म्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं पुसलंय.
ओलं आसलं तर एक बादली.
साकळलं तर दोन.
पापुद्रा धरला की आधी गार पाण्यानं भिजू घालावं लागतंय,
ऊन पाणी वतलं की धरून बसतंय, जात न्हाई.
किती बादल्या लागल्या तेवढं इचारलं आस्तं
तर टाइम कळला आस्ता.
घड्याळ कशाला पायजे?"
आणि जरा थांबून,
"तिकडं नळाला रोज पाणी येतंय वाटतं."

यावर सगळे मोकळेपणी हसलो,
आमचा नळ परवा येऊन गेला, आता पुढच्या आठवड्यात.
हसणं लवकर संपलं.
पंखा कटकट करत राहिला.
वैजू बोटांवर काहीतरी मोजत म्हणाला,
"वाळलेलं असेल, तर पुतण्या सुटतो.
तो नऊपर्यंत स्टेशनावर होता."
"पण त्याला तर फाशी झाली," मॅडम म्हणाल्या,
आणि लिंबाची फोड पिळायची राहिली ती राहिलीच.
मन्मथप्पा म्हणाले, "साठ वर्षं झाली छापून,
आता अपील कोण करणार?"

एवढं सगळं मी वहीत घेतलं.
पुढचं पुस्तक: प्रवासवर्णन, सर्वानुमते.
सह्या झाल्या. जिना उतरला.

मी कपाटाला कुलूप लावत होतो, पाठमोरा.
जमादार खुर्चीतच होते.
"मुद्रिका," ते म्हणाले,
मी त्यांना कुणाला नावानं हाक मारताना ऐकलं नव्हतं,
"मोंढ्यातलं ते गोदाम.
पंचनाम्यानंतर तुलाच बोलावलं होतं धुवायला."

प्लेटांचा आवाज थांबला.

"किती बादल्या लागल्या होत्या?"

त्यांनी उरलेला सुशीला एका कागदात गोळा केला,
पुडी बांधली, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.
"साहेब," त्या म्हणाल्या, "तवा इचारायचं होतं,"
आणि माझ्याकडं बघून,
"लाइट घालवू का?"